ऐकीव सोडू, तपासून पाहू



आजचा विषय व्यासपीठावर बोलण्याचा नव्हे, असे काहींना वाटेल. परंतु १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लैंगिक प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. मग आम्ही अनुयायांनी का लाजावे?

आमच्या नात्यातील एका मुलाचे लहानपणी वृषण खाली आणण्याचे ऑपरेशन झाले होते. तेवढ्यावरून त्याची जमलेली सोयरीक मोडली. “याला मूल होणार नाही,” एवढी कुजबुज पुरली. डॉक्टरला कोणी विचारलेच नाही. आम्हीही गप्प बसलो, याची खंत आहे.

वृषण, म्हणजे लोक ज्याला गोटी म्हणतात ते, गर्भात पोटात तयार होऊन जन्मापूर्वी पिशवीत उतरते. पूर्ण दिवसांच्या १०० मुलांपैकी सुमारे ३ मुलांत ते उतरलेले नसते. पुष्कळांचे ६ महिन्यांत आपोआप उतरते; त्यानंतर वाट पाहू नये. पिशवी शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड असते आणि शुक्राणू तयार व्हायला तोच थंडावा लागतो. म्हणून ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावे.

एका बाजूचे ऑपरेशन झालेल्या व मूल हवे असणाऱ्या १०० पैकी ९० च्या आसपास पुरुष बाप होतात, म्हणजे जवळजवळ इतरांइतकेच. दोन्ही बाजूंचे असल्यास सुमारे ६५. उशिराने शुक्राणूंचे नुकसान वाढते, पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. अशा तरुणांनी गाठ लागते का, हे दरमहा चाचपावे.

आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला जातात. तान्ही लेकरे कोपीवर वाढतात आणि तपासणी राहून जाते. माता-भगिनींनो, लस टोचायला नेताना बाळाची पिशवीही दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले तर लेकरू पुढे करा. गरज पडल्यास अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचे रुग्णालय आहेच.

आणि पाळणा हलला नाही, तर सुनेला वांझ म्हणू नका. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी आहे. तीही सुरुवातीलाच करा. दोष निघाला तरी आज उपचार आहेत.

ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, असा तथागतांचा कालामांना उपदेश आहे. सोयरीक मोडण्यापूर्वी तो आठवावा, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!