आर्थर राजाचे वीर आणि त्यांचे अभ्यासक

इ. स. १९३४ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडमधील विंचेस्टर कॉलेज या जुन्या विद्यालयांत वॉल्टर ओकशॉट नांवाचे एक शिक्षक जुन्या ग्रंथांच्या बांधणीचा अभ्यास करीत होते. विद्यालयाच्या तिजोरींत कांहीं हस्तलिखितें ठेविलेलीं होतीं. तींहि पाहावीं म्हणून ओकशॉट यांनीं ती तिजोरी उघडविली. आंत एक जाडजूड पोथी निघाली. तिचीं आरंभींचीं व अखेरचीं पानें गळून गेलीं होतीं. त्यामुळें ग्रंथाचें नांव चटकन् समजण्यास मार्ग नव्हता. मजकूर आर्थर राजा व त्याचे वीर यांच्या कथांचा आहे, एवढें मात्र दिसत होतें. सर टॉमस मॅलरी याच्या ग्रंथाचें एकहि हस्तलिखित उपलब्ध नाहीं, असें पुढें कांहीं दिवसांनीं त्यांच्या वाचनांत आलें. त्यांनीं छापील मॅलरीची एक स्वस्त आवृत्ति विकत आणली आणि ती पोथीशीं ताडून पाहिली. जें नष्ट झालें असें सारे विद्वान् धरून चालले होते, तेंच त्यांच्या हातीं लागलें होतें.

जुन्या कथा म्हणजे लहान मुलांचें मनोरंजन, अशी समजूत पुष्कळांची असते. वीरांच्या या कथांचा अभ्यास म्हणजे काय व त्यांतून काय निष्पन्न होतें, हें या एका पोथीच्या इतिहासावरून श्रोत्यांच्या सहज ध्यानांत येईल.

मॅलरीचा ग्रंथ विल्यम कॅक्स्टन या इंग्लंडच्या पहिल्या मुद्रकानें १४८५ सालच्या जुलै महिन्यांत छापून प्रसिद्ध केला. त्या छपाईच्या दोनच प्रती आज शिल्लक आहेत. पूर्ण प्रत न्यूयॉर्क येथें असून अपुरी मँचेस्टर येथें आहे. जवळजवळ साडेचारशें वर्षें जगानें मॅलरी वाचला तो कॅक्स्टनच्या रूपांत. एकवीस खंड, त्यांचे पांचशेंहून अधिक अध्याय आणि आर्थरच्या मृत्यूवरून पडलेलें एकच नांव, असें तें रूप होतें. पोथींत ही मांडणी नव्हती. आर्थरची रोमवरील स्वारी तर छापील ग्रंथांत निम्म्याच्या आसपास आणून ठेवलेली आढळली. यूजीन विनाव्हर यांनीं १९४७ सालीं ही पोथी आधारभूत धरून ऑक्सफर्डहून तीन भागांत संपादित ग्रंथ काढला. मॅलरीनें एक ग्रंथ लिहिलाच नाहीं, आठ स्वतंत्र कथा लिहिल्या, असें मत त्यांनीं मांडलें. यावर मोठा वाद झाला आणि तो अद्यापि पुरता मिटलेला नाहीं. पुढें १९७६ सालीं ही पोथी ब्रिटिश लायब्ररीनें घेतली. तिच्या पानांवर कॅक्स्टनच्या खिळ्यांचे पुसट ठसे उमटलेले लॉटे हेलिंगा या विदुषींना आढळले. म्हणजे ही पोथी एके काळीं त्याच्याच छापखान्यांत पडून होती!

परंतु पाठभेदांपेक्षांहि बिकट प्रश्न कर्त्याविषयींचा आहे. चौथ्या एडवर्ड राजाच्या राजवटीच्या नवव्या वर्षीं, म्हणजे १४६९-७० सालीं, आपण ग्रंथ पुरा केला असें मॅलरी सांगतो आणि आपल्या सुटकेसाठीं वाचकांनीं देवाची प्रार्थना करावी अशी याचना करतो. हा ग्रंथ तुरुंगांत लिहिला गेला, याविषयीं विंचेस्टरच्या पोथीनें संशय ठेवला नाहीं. कारण तींत कर्ता स्वतःस बंदिवान वीर म्हणवितो. हा मॅलरी म्हणजे वॉरिकशायरमधील न्यूबोल्ड रेव्हल येथील जहागीरदार, असें बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्यावरील आरोपांचे कागद विसाव्या शतकांत उजेडांत आले. गुरें पळविणें, धमकी देऊन पैसे उकळणें, मठ फोडून लूट करणें आणि स्त्रीवर बळजोरी, असे ते आरोप आहेत. त्याच्या ग्रंथांत तर आर्थरचे वीर दरवर्षीं पेन्टेकॉस्टच्या सणाला शपथ घेतात. अन्यायाची हत्या करूं नये, शरण आलेल्यास अभय द्यावें, स्त्रियांचें रक्षण करावें व त्यांच्यावर बळजोरी करणाऱ्यास देहान्त शासन व्हावें, हा त्या शपथेचा आशय आहे. शिवाय ही शपथ मॅलरीनें आपल्या मूळ कथेंत स्वतः घातलेली आहे.

मग हा ढोंगीपणा म्हणावा, कीं पश्चात्ताप? आरोपांचा रीतसर निकाल कधीं लागला नाहीं. तो काळ यादवीचा असल्यानें त्यांमागें राजकीय वैर असण्याचाहि संभव आहे. म्हणून त्याला निर्दोष ठरविणें जितकें उतावीळपणाचें, तितकेंच त्याच्या शपथेला पोकळ म्हणणेंहि उतावीळपणाचें होय. ग्रंथाच्या अखेरीस गोलमेजाचा भंग होतो, तो परक्या शत्रूमुळें नव्हे. आपसांतील निष्ठा एकमेकींशीं भिडल्यामुळें. शपथ मोडणें किती सोपें असतें, हें जाणणाऱ्यानेंच तो भाग लिहिला आहे.

प्रेमकथांच्या बाबतींतहि अशीच सावधगिरी अवश्य आहे. राणी ग्विनिव्हिअर व लॅन्सलॉट यांची प्रीति प्रथम विस्तारानें वर्णिली ती बाराव्या शतकांत क्रेत्यें द त्र्वा या फ्रेंच कवीनें. शँपेनची सरदारीण मारी हिनें विषय दिला असें तो स्वतःच सांगतो. काव्याचा शेवट मात्र त्यानें दुसऱ्या कवीवर सोंपविला. त्यांत लॅन्सलॉट राणीच्या शोधार्थ गुन्हेगारांच्या गाडींत चढतो. चढण्यापूर्वीं तो दोन पावलें टाकण्यापुरता कचरतो, आणि तेवढ्यासाठीं राणी पुढें त्याच्यावर रुष्ट होते. हें प्रेमाचें स्तोत्र समजावें, कीं सूक्ष्म उपहास? या प्रेमाला आज रूढ असलेलें ‘दरबारी प्रेम’ हें नांव गास्तों पारी या पंडितानें १८८३ सालीं प्रचारांत आणलें. दक्षिण फ्रान्सचे कवि स्वतः ‘उत्तम प्रेम’ अशा अर्थाचा शब्द योजीत. पंडितांनीं मागाहून दिलेल्या नांवालाच त्या काळचा सामाजिक आचार समजण्याची चूक पुष्कळांनीं केली आहे.

ग्रेलचेंहि तसेंच. सर्वांना ठाऊक असलेला येशूच्या अखेरच्या भोजनांतील प्याला क्रेत्यें याच्या अपुऱ्या काव्यांत नाहीं. तेथें ग्रेल हें एक पसरट ताट आहे, व त्यांतून वृद्ध राजासाठीं प्रसादाची एक पोळी नेली जाते. प्याल्याचें रूप त्याला पुढें रोबेर द बोरों या कवीनें दिलें. तरुण पर्सिव्हल तें ताट पुनःपुन्हां समोरून जातांना पाहतो. हें कोणासाठीं, असें विचारण्याची इच्छा त्याला होते. परंतु फार बोलूं नये, असें त्याच्या गुरूनें शिकविलेलें असतें. सभ्यपणा म्हणून तो गप्प राहतो. दुसऱ्या दिवशीं वाडा ओस दिसतो. त्यानें तो एक प्रश्न विचारला असता तर जखमी यजमान बरा झाला असता, असें त्याला मागाहून कळतें.

या कथेंत पराभव होतो तो शस्त्राच्या उणिवेमुळें नव्हे, न विचारलेल्या प्रश्नामुळें होतो. जुन्या ग्रंथापुढें भक्तिभावानें गप्प बसणारा वाचक पर्सिव्हलचीच चूक करतो. ओकशॉट यांनीं एका निनांवी पोथीपुढें ही कोणाची, एवढाच प्रश्न केला, आणि साडेचारशें वर्षें कॅक्स्टनच्या आड राहिलेला मॅलरी स्वतःच्या शब्दांत बोलूं लागला.