हिऱ्यांच्या दागिन्यांची निगा

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी घेतलेला जेकब हिरा सुमारे १८५ कॅरटांचा. पुढे तो त्यांच्या एका जोड्याच्या टोकात सातव्या निजामांना सापडला आणि त्यांनी तो कागदांवर वजन म्हणून वापरला, अशी कथा हैदराबादेत सांगतात. १९९५ साली निजामांच्या रत्नालंकारांबरोबर भारत सरकारने तो विकत घेतला. जेकबला ही हेळसांड सोसली, म्हणून सासूकडून सुनेकडे आलेल्या कुड्यांनाही ती सोसेल असे मात्र नाही.

ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घातला तरी खरा हिरा अभंग राहतो, ही समजूत साफ चुकीची आहे. काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणे; चिवटपणा हा गुण निराळा. हिऱ्याच्या स्फटिकात चार दिशांना अशी प्रतले असतात, की त्यांच्या रोखाने आघात बसल्यास तो दुभंगतो. कारागीर हिरा फोडताना याच गुणाचा उपयोग करीत आले. तेव्हा मोरीच्या दगडावर आपटलेली अंगठी ‘हिऱ्याला काय होते!’ असे म्हणून तशीच बोटात सरकवू नये.

शिवाय हिऱ्यानेच हिरा चरतो. एका डबीत कुड्या, अंगठ्या आणि नथ कोंबली, तर बिचाऱ्या मोत्यांची दशा विचारूच नये. प्रत्येक नग मऊ कापडात वेगळा गुंडाळावा.

हिरा ‘उतरला’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा त्यावर तेलकट थर बसलेला असतो. हिऱ्याला पाण्यापेक्षा स्निग्धतेची ओढ अधिक. किंबर्लीच्या खाणींत चरबी माखलेल्या पृष्ठावरून खडी पाण्याने वाहवीत, ती पुढे जाई आणि हिरे चिकटून राहत. केसांचे तेल, मळलेली कणीक यांचेही हेच. वाडग्यात कोमट पाणी व सौम्य साबण घेऊन मऊ कुंचल्याने खड्याची मागील बाजू हलकेच घासावी. वाहत्या नळाखाली मुळीच धुऊ नये. निसटलेली कुडी मोरीतून परत येत नाही.

जुन्या बंद कोंदणाचे दागिने मात्र पाण्यात बुडवू नयेत. खड्याखाली चमकेसाठी डांक घातलेला असतो. तेथे पाणी शिरले की तो काळवंडतो. असे दागिने कोरड्या मऊ कापडाने पुसणेच इष्ट.

राहिली फिरकी आणि कोंदण. हिरा झिजत नाही, त्याला धरणारे सोने झिजते. कुडी कानाशी धरून हलकेच हलवावी. बारीकसा खुळखुळ ऐकू आला, तर लग्नाघरी जाण्याआधी तिने सोनाराकडे जावे.