शिबिर उठल्यावर काय उरते?

(हिवरे बाजार येथे जिल्हा बैठकीसाठी जमलेल्या शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज आपण हिवरे बाजारात बसलो आहोत. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर या गावाने चर खोदले, बांध घातले, झाडे जगवली, हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. मला मात्र या गावाची एकच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. इथे पाऊस मोजतात. किती पडला, माणसांना किती लागेल, गुरांना किती, हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात आणि मग रब्बीला काय पेरायचे ते ठरवतात. अंदाजाने पेरत नाहीत, नोंद बघून पेरतात. आज मी बोलणार आहे ऑपरेशनच्या शिबिरांबद्दल. पण मुद्दा हाच आहे.

तुम्ही म्हणाल, कापूस-ज्वारीच्या बैठकीत दवाखाना कुठून आला? कोरडवाहू घरात एक ऑपरेशन निघाले की बैल विकायची वेळ येते. म्हणून मोफत शिबिराची जीप गावात आली की आपण रांग लावतो. त्यात कमीपणा नाही. शहरातले नामांकित डॉक्टर सुट्टी काढून, पदरमोड करून येतात. १९९१ साली इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेच्या मदतीने ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ सुरू केली. ऑपरेशन थिएटरच रुळावर घातले आणि ते खेड्यांच्या जवळ नेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या दवाखान्यात डॉ. शेखर भोजराज यांच्यासारखे मुंबईचे सर्जन मणक्याची ऑपरेशने करायला गेले. मूळचे पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून येत आणि फाटलेल्या ओठाच्या मुलांची ऑपरेशने फुकट करत. २०११ साली ते गेले. अशा माणसांचे उपकार आपण विसरणार नाही.

आता या शिबिरांत लॅपटॉप आणि हातात मावणारी यंत्रे आली आहेत. त्यांचा उपयोग काय, ते मोतीबिंदूवरून सांगतो. पूर्वी मोतीबिंदू काढला की बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा नशिबी यायचा. मग डोळ्यात भिंग बसवू लागले. पण कोणाच्या डोळ्यात कोणत्या नंबरचे भिंग घालायचे? डोळ्याची लांबी साधारण २३-२४ मिलिमीटर असते, पण ती माणसामाणसाला वेगळी. पेन्सिलीसारखी एक कांडी बुबुळाला टेकवून ती लांबी मोजतात, दुसऱ्या यंत्राने बुबुळाची गोलाई घेतात, आणि संगणक त्यावरून भिंगाचा नंबर काढतो. लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. म्हणजे ऑपरेशन नीट झाले, तरी म्हातारीला सुईत दोरा ओवता येत नाही. मोजण्याची किंमत ही अशी आहे.

आता माझ्या घरचे सांगतो. माझ्या आईच्या एका डोळ्याचे ऑपरेशन एका शिबिरात झाले. कोणाचे शिबिर ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. भिंगाच्या नंबरची चिकटपट्टी लावलेले एक कार्ड मिळाले होते. आईने ते पत्र्याखाली खोचून ठेवले. दोन पावसाळ्यांत त्याचा लगदा झाला. काही वर्षांनी दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, पहिल्या डोळ्यात भिंग कितीचे? आम्ही गप्प. तेवढ्यात आई म्हणाली, “मागच्या वेळी सुई दिली तशा अंगभर गांधी उठल्या होत्या.” डॉक्टरांनी हात थांबवला. सुई कसली होती? कोणालाच सांगता येईना. त्या दिवशी ऑपरेशन झाले नाही. दुसऱ्या दवाखान्यात चाचण्या करून घेतल्या, आणि त्यात कापसाची वेचणी बुडाली. डॉक्टर शहाणे होते म्हणून थांबले. न विचारता तीच सुई दिली असती तर?

भावांनो, शिबिर म्हणजे दोन-तीन दिवसांचा पाहुणा. मंडप उठतो, सर्जन निघून जातो. पण जखम मागे राहते. मोतीबिंदूनंतर चार-सहा आठवडे थेंब घालायचे असतात, धूळ टाळायची असते, आणि आपल्याकडे नेमकी ज्वारीची मळणी तोंडावर असते. फाटलेल्या ओठाच्या लेकराचे काम तर एका दिवसाचे नसतेच. ओठ तिसऱ्या महिन्याच्या आसपास शिवतात, टाळू वर्षाच्या सुमारास, आणि पुढे बोलणे शिकवावे लागते. पहिल्या डॉक्टरने काय केले हे दुसऱ्याला कळले नाही, तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून शिबिर बोलावताना गावाने चार गोष्टी मागाव्यात. पहिली, नावे आधी घ्या. रक्तदाब, साखर, चालू गोळ्या, न सोसणारी औषधे, हे सगळे शिबिराआधी लॅपटॉपमध्ये जाऊ द्या. रेंज नसली तरी नोंद होईल अशी सोय असते, रेंज मिळाली की पुढे पाठवता येते. दुसरी, त्याच नोंदीचा छापील कागद रुग्णाच्या हाती द्या. बॅटरी उतरते, यंत्र बिघडते. तिसरी, गावातल्या एका माणसाला जबाबदार धरा. आशाताई असोत, नाहीतर शिकलेली पोर असो. आठव्या दिवशी टाके बघायचे, फोटो काढून डॉक्टरांना पाठवायचा. फोटोत सूज दिसते, पण दुखणे दिसत नाही. शंका आली की माणूस गाडीत घालून न्यायचा. चौथी, रुग्णाला विचारल्याशिवाय त्याची नोंद किंवा फोटो कोणाला देऊ नये. बाईचे दुखणे ही चावडीवरची बातमी नव्हे.

आणि ऑपरेशन मंडपात नको. तपासणी गावात, ऑपरेशन नीट दवाखान्यात.

फुकट मिळाले म्हणून कागद मागू नये, असे आपल्याला वाटते. बियाण्याच्या पिशवीची पावती आपण जपतो, कारण उगवले नाही तर तीच हाताशी असते. मग आईच्या डोळ्याची पावती का नको?

उद्या गावी जाल तेव्हा एवढेच करा. घरात ज्याचे ज्याचे ऑपरेशन झाले आहे, त्याचा कागद शोधा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. मोबाईल असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. सापडला नाही, तर जिथे ऑपरेशन झाले तिथे जाऊन मागा. या गावाने पावसाची नोंद ठेवली. आपण आपल्या माणसांची ठेवू.