उन्हाळ्यात दारची झाडं जगवा

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, विहीर तळाला लागते. मग दारचं पहिलं पाणी कुणाला? हिरवळीला नव्हे. हराळी वरून पिवळी पडली तरी जमिनीतल्या कांड्या जिवंत असतात. पाऊस पडला की पुन्हा फुटते. पण दोन वर्षांचं लिंबाचं रोप एकदा वाळलं की गेलंच.

तेव्हा पाणी रोपांना, आणि तेही पहाटे. रोज वरवर शिंपडू नका. मुळं वरच राहतात. तीन-चार दिवसांनी आळं भरून द्या. आधी माती दोन बोटं उकरून पाहा. ओल लागली तर थांबा. वांग्याची पानं दुपारी माना टाकतात, म्हणून घाबरू नका. सकाळीही मलूल दिसली तर मात्र पाणी हवंच.

मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात सुती वात बसवा. ते खोडापासून वीतभर दूर गळ्यापर्यंत पुरा, भरा, वर झाकणी ठेवा. पाणी हळूहळू पाझरत राहतं. आळ्यात भुसा किंवा वाळला पाला चार बोटं पसरा, पण खोडाला भिडवू नका; वाळवी लागते. पश्चिमेला तुराट्यांचा आडोसा करा.

हिरवळ अगदी खुरटी कापू नका, दोन इंच ठेवा. भर उन्हाळ्यात युरिया तर नकोच. मी एकदा हौसेनं टाकला आणि आठवड्यात सगळी जाळून बसलो!

मोगऱ्याचं पाणी मात्र तोडू नका. त्याचा फुलायचा हंगाम हाच.