भिंतीवरच्या हसऱ्या पोरी

(यवतमाळ येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आज मला एका भिंतीबद्दल बोलायचं आहे. काही जणींना वाटेल, इथे कापसाला भाव नाही, पोरींची लग्नं अजून अठराच्या आत उरकली जातात, आणि ही बाई परदेशातल्या चित्राची गोष्ट काय सांगते? पण भिंत हा आपला विषय आहे. भिंतीवर काय लिहायचं, कुणाचा चेहरा काढायचा आणि कुणाचं नाव खरडायचं हे कोण ठरवतं, हा सत्तेचाच प्रश्न आहे.

आपल्याकडे बाई भिंतीवर कधी येते? घरात येते ती मेल्यावर, फोटोला हार घालून. शाळेच्या भिंतीवर सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्याबाई, रमाई असतात. त्या असायलाच हव्यात, त्यासाठी आपण भांडलोही आहोत. दवाखान्याच्या भिंतीवर बाळाला पाजणारी आई असते. मुंबईत वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये रणजित दहिया हे चित्रकार २०१२ पासून सिनेमातली माणसं रंगवतात. तिथे मधुबालाची अनारकली आहे. म्हणजे दंतकथेत भिंतीत चिणलेली बाई आता भिंतीवर आली. थोर बाई, आई, देवी, नाहीतर दुःखी सुंदरी. साधी पोरगी कुठे आहे?

साध्या पोरीचं नाव भिंतीवर येतं ते वेगळ्या प्रकारे. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. बस थांब्यावर, कॉलेजच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशाने कुणीतरी तिचं नाव लिहितो, शेजारी बदाम काढतो. लिहिणारा मोकळा राहतो. पोरीचं मात्र शिक्षण बंद होतं. आमच्या भागातल्या एका गावात नववीतल्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. मानव विकासच्या निळ्या बसने ती रोज तालुक्याला जायची. भिंतीवर नाव दिसलं, दुसऱ्या आठवड्यापासून ती बसला आली नाही. उन्हाळ्यात लग्न लागलं. तिला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. भिंतीवर कुणी काय लिहिलं यावरून एका पोरीचं आयुष्य ठरतं, म्हणून मी म्हणते की भिंत हा आपला विषय आहे.

आता त्या परदेशातल्या भिंतीकडे येते. माझी भाची उत्तर आयर्लंडमध्ये राहते. तिच्याकडे गेले तेव्हा डेरी नावाचं शहर पाहिलं. जुना कोट असलेलं, टेकडीवरचं शहर. ब्रिटनशी नातं सांगणारे त्याला लंडनडेरी म्हणतात, आयरिश म्हणवणारे डेरी. नावावरूनच भांडण, त्यावरून कल्पना करा. १९६८ च्या सुमारास तिथे जो हिंसाचार सुरू झाला तो तीस वर्षं चालला. उत्तर आयर्लंड तसा लहानसा प्रदेश, पण सुमारे साडेतीन हजार माणसं मारली गेली.

या शहरात कोटाच्या बाहेर, ऑर्चर्ड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर, बॅजर्स नावाच्या दारूच्या गुत्त्याची बाजूची अख्खी भिंत रंगवलेली आहे. तिच्यावर शाळेच्या गणवेशातले पाच चेहरे आहेत. चार पोरी आणि एक पोरगा. ही माणसं खरी नाहीत. ‘डेरी गर्ल्स’ नावाच्या विनोदी दूरदर्शन मालिकेतली ही पात्रं आहेत. लिसा मॅकगी या डेरीतच जन्मलेल्या लेखिकेने ती लिहिली आणि २०१८ ते २०२२ या काळात ती दाखवली गेली. चित्र जानेवारी २०१९ मध्ये तिथल्याच यूव्ही आर्ट्स या गटाने काढलं. लोक लांबून येतात, चित्रासमोर उभे राहून फोटो काढतात. आईबरोबर मुली येतात, मैत्रिणींचे घोळके येतात आणि त्या पाच जणांसारखीच तोंडं करतात.

मालिका घडते नव्वदच्या दशकात. पोरी मुलींच्या कॅथॉलिक शाळेत जातात. पुलावर बॉम्ब आहे म्हणून शाळेची बस वळसा घालून जाते, बंदूकधारी सैनिक बस तपासायला चढतात. आणि पोरींच्या डोक्यात काय? कुठला पोरगा बघतो, जाकीट कुठलं घालायचं, हेडमास्तरीणबाईंना काय थाप मारायची. एकीला लेखिका व्हायचं आहे, पण लिहिते टुकार. एक तोंडाळ आहे, एक आपल्याच तंद्रीत असते, एक सतत घाबरलेली. ती घाबरट क्लेअर पुढे मैत्रिणीला सांगते की मला पोरीच आवडतात. पोरगा आहे तो इंग्रज. मुलांच्या शाळेत इंग्रज म्हणून मार खाईल, या भीतीने त्याला मुलींच्या शाळेत घातलेलं. पुढे पोरी त्याला सांगतात की तूही आमच्यातलाच.

या पोरींनी काहीही थोर केलेलं नाही. परीक्षेत पहिल्या आल्या नाहीत, कुणाचा जीव वाचवला नाही, कुणासाठी मेल्या नाहीत. तरी शहराच्या मध्यभागी त्यांना अख्खी भिंत मिळाली. मला त्याचं मोल वाटतं. मैत्रिणींनो, आपल्याकडे बाईला माणूस म्हणून जागा हवी असेल तर आधी काहीतरी सिद्ध करावं लागतं. एक तर त्याग, नाहीतर सोसणं. नुसतं असणं, चुकणं, खिदळणं एवढ्यावर जागा मिळत नाही. ‘काय दात काढतेस?’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्यातली एकतरी मोठी झाली का?

त्या चित्रापासून चालत गेलं तर थोड्याच वेळात बॉगसाइड ही वस्ती लागते. तिथेही घरांच्या भिंती रंगवलेल्या आहेत. बॉगसाइड आर्टिस्ट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिघांनी १९९४ पासून ती चित्रं काढली. एका चित्रात गणवेशातली एक मुलगी आहे. ती खरी होती. ॲनेट मॅकगॅव्हिगन, वय १४, सप्टेंबर १९७१ मध्ये गोळी लागून गेली. तिच्या वर एक फुलपाखरू आहे. आधी ते बिनरंगाचं होतं, शांतता रुजल्यावर त्यात रंग भरला आणि शेजारची बंदूक मोडलेली दाखवली. एकाच शहरात दोन भिंती आणि दोन्हींवर गणवेशातल्या पोरी. एकीला मरावं लागलं तेव्हा ती भिंतीवर आली. दुसऱ्या जिवंतपणी हसत आल्या. मला दोन्ही भिंती हव्या वाटल्या. ॲनेटला विसरून नुसतं हसणं म्हणजे लबाडी झाली. पण सगळ्याच भिंती मेलेल्या पोरींच्या असतील, तर जिवंत पोरींनी काय शिकायचं?

मात्र चित्र पाहून भारावून जायचं नाही. पैसे कुणाचे, हे विचारायचं. ते चित्र मालिकेच्या वाहिनीने, चॅनेल फोरने, दुसरं पर्व येण्याआधी काढून घेतलं. म्हणजे मुळात ती जाहिरात होती. लोकांनी ती आपली करून घेतली, हे खरं. पण सुरुवात बाजाराने केली. याच शहरात शर्टांचे मोठमोठे कारखाने होते आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या बाया राबल्या. पुरुष बेकार, बाया कामावर असं तिथे वर्षानुवर्षं चाललं. कार्ल मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये डेरीच्या टिली कारखान्याचं उदाहरण दिलं आहे: कारखान्यात हजार कामगार आणि आजूबाजूच्या मुलखात घरी बसून शिवणारे नऊ हजार. विडी वळणाऱ्या आपल्या बहिणींना हे गणित समजावून सांगावं लागणार नाही. आपण कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या बाया. निंदायचं आपण, वेचायचं आपण आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं. कष्टणारी बाई जाहिरातीच्या भिंतीवर सहसा येत नाही, हेही लक्षात ठेवायचं.

हसण्याचा आणखी एक हिशेब आहे. कोण कुणाला हसतं? १९९६ मध्ये तिथल्या शांतता चर्चेत बायांना जागा दिसेना, तेव्हा मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सॅगर यांनी दोन्ही बाजूंच्या बाया एकत्र करून महिला आघाडी काढली. थोड्या आठवड्यांत निवडणूक लढवली आणि चर्चेच्या टेबलाजवळ दोन जागा मिळवल्या. त्या सभागृहात बोलायला उठल्या की काही पुरुष गाईसारखे हंबरायचे. तरी त्या बसून राहिल्या आणि एप्रिल १९९८ चा करार झाला त्यात त्यांचाही हात होता. ग्रामसभेत बाई उठली की मागून खाकरणारे आपणही ओळखतो.

आपल्या पडद्यावरही हाच प्रकार. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये पुरुष लुगडं नेसून आले की हशा पिकायचा. त्याआधी १९९५ मध्ये ‘हम पाँच’ लागायचं. पाच मुली, आणि अशोक सराफ त्यांचे वडील. थोरली मीनाक्षी स्त्रीमुक्तीवाली, म्हणजे आपलीच टिंगल. आणि वडिलांची मेलेली पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून बोलायची. ते काम प्रिया तेंडुलकर यांनी केलं. त्यांनीच १९८५ मध्ये ‘रजनी’ होऊन देशभरच्या दुकानदारांना जाब विचारला होता. आम्ही खूप हसायचो. पण आज वाटतं, त्या घरात बाई मनातलं बिनधास्त बोलली ती फोटोत गेल्यावरच.

आता आपल्या गावाकडे येते. डेरीत ते चित्र रंगलं त्याच महिन्यात, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ते निमंत्रण मागे घेतलं. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या, आणि उद्घाटन केलं कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्या ‘तेरवं’ या नाटकात काम करत होत्या. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण बातम्यांत त्यांच्या नावाआधी काय लागलं? ‘शेतकऱ्याची विधवा’. नवऱ्याने केलेल्या आत्महत्येची ‘पात्र’ की ‘अपात्र’ अशी चौकशी झाली की आपली बाई सरकारला दिसते. ती नटी आहे, तिला गंमत कळते, नक्कल येते, हे कुणाला दिसायचं? एकल बायांच्या बैठकीत किती हशा असतो ते आपल्याला माहीत आहे. फोटो काढणारा आला की तो सांगतो, जरा गंभीर बसा.

म्हणून माझी सूचना आहे. आपल्या बायांनी भिंत आधीच वापरली आहे. दारूबंदीच्या मतदानात उभी बाटली आणि आडवी बाटली ही दोन चिन्हं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं. अक्षरओळख नसलेल्या बायांनीही ते चित्र ओळखलं. चित्रात ताकद असते हे आपण अनुभवाने जाणतो.

आता प्रत्येक गटाने गावात एक भिंत मागावी. बस थांब्याची मिळाली तर उत्तम, कारण तिथेच नावं लिहिली जातात. ग्रामपंचायतीकडून ठराव घ्यावा, म्हणजे उद्या कुणी पुसणार नाही. बियाण्याच्या किंवा औषधाच्या कंपनीचे पैसे घेऊ नयेत. रंगाला वर्गणी काढू. पोरींनीच ठरवावं काय काढायचं. कुणा एकीचा हुबेहूब चेहरा काढायचा असेल तर तिला विचारूनच, आणि नंतर तिने नको म्हटलं तर पुसायचा, कारण गावात परिणाम भोगायचे असतात तिला. खाली ‘आदर्श कन्या’ लिहू नये, ‘मुलगी शिकली’ वगैरेही नको. नुसत्या बसची वाट बघणाऱ्या, दप्तर टाकून खिदळणाऱ्या चार पोरी काढा. विरोध होईल. कुणी म्हणेल, यात संदेश काय? त्यांना सांगा, पोरी इथे उभ्या आहेत, हाच संदेश.

मग त्या भिंतीवर कुणी कोळशाने नाव खरडायला आला, तर त्याला आधी त्यांच्या डोळ्यांत बघावं लागेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गावातली एक भिंत हेरून यावं, एवढंच मागते.