राजा, राणी आणि आंब्यांची वाटणी

सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली एक जुना गणितग्रंथ हिंदी अनुवादासह छापला: महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. ग्रंथ नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड.

त्यात आंब्यांचं एक उदाहरण आहे. राजाने एक षष्ठांश आंबे घेतले. उरलेल्यांतले एक पंचमांश राणीने. मग तीन राजपुत्रांनी क्रमाने, उरतील त्यांतले पाव, एक तृतीयांश आणि निम्मे. त्यांच्याहून धाकट्या मुलाला राहिले ३. तर एकूण आंबे किती?

मुलं अडखळतात ती ‘उरलेल्यांतले’ या शब्दापाशी. सगळे अपूर्णांक मूळ राशीचेच धरले, तर बेरीज येते ८७ छेद ६०. म्हणजे टोपलीत आहेत त्याहून जास्त आंबे वाटले की!

एकूण आंबे क्ष धरा. राजाचे क्ष भागिले ६. उरले पाच षष्ठांश क्ष. त्याचा पाचवा हिस्सा पुन्हा क्ष भागिले ६. पुढेही तेच होत जातं. शेवटी धाकट्याकडेही क्ष भागिले ६, आणि ते आहेत ३. म्हणून क्ष बरोबर १८. सहाही जणांना सारखेच तीन-तीन; राजाचा मोठेपणा नुसता नावाला.

आता तुमच्यासाठी एक. चवडीतल्या निम्म्या कडक भाकरी शेतावर गेल्या, उरलेल्यांतल्या एक तृतीयांश पाहुण्यांनी संपवल्या, राहिल्या ४. चवड किती भाकरींची? अंदाजाने सांगू नका, समीकरण मांडूनच सोडवा.