ई-मेल पुसताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ई-मेलवर बोलावयास सांगितले तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कॉम्प्युटरवरचे इंग्रजी मी अजून एकेक अक्षर लावून वाचते. पण त्या म्हणाल्या, "तुमच्यावर जे गुदरले तेच सांगा, आम्हांला तेवढे पुरे." म्हणून उभी राहिले आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, इंदूरला दिलेली. शाळेत शिक्षिका होती. फोनवर बोलून तिचे समाधान होत नसे. निवृत्त झाल्यावर ती टाइप करावयास शिकली आणि मला ई-मेलने लांबलचक पत्रे धाडू लागली. भुट्ट्याचा कीस मंद आचेवर का परतावा, इथपासून सुनेचे कोठे चुकते आणि आपले कोठे चुकते, इथपर्यंत सारे त्यांत असे. २०२२ च्या ऑगस्टात अक्का गेली.

पुढच्या जानेवारीत माझा फोन सारखा 'जागा शिल्लक नाही' म्हणू लागला. मी बसले एका दुपारी आवरावयास. जुने कपडे बोहारणीला देताना आपण करतो तसे भराभर केले. मेलमध्ये जाहिराती होत्या, बँकेची पत्रे होती, सगळ्यांना एकदम खूण केली आणि पुसून टाकले. अक्काची पत्रे त्यांतच गेली हे मला उमगले देखील नाही. आणि उमगले असते तरी मी म्हटले असते, "फोनवरची गेली तर गेली, कॉम्प्युटरवर आहेतच की!" इथेच माझी चूक होती. गंमत अशी, की त्याने फोनची जागाही फारशी मोकळी झाली नाही. जागा खाल्ली होती व्हॉट्सॲपवर आलेल्या सुप्रभाताच्या चित्रांनी.

जुलैत भाच्याचा फोन आला. वर्षश्राद्ध जवळ आले होते. म्हणाला, "मावशी, आईची तुला आलेली पत्रे मला पाठवशील का?" अक्काच्या खात्याचा पासवर्ड तिच्याबरोबरच गेला होता, म्हणून त्याची सारी भिस्त माझ्यावर. मी फोन उघडला, तर एकही पत्र नाही. केराची पेटी पाहिली, तीही रिकामी. पुसलेले पत्र त्या पेटीत ३० दिवस राहते, मग आपोआप कायमचे जाते, हे मला तेव्हा कळले. माझे सहा महिने होऊन गेले होते.

बाहेरच्या खोलीत मुलाचा कॉम्प्युटर होता. तो शिकायला पुण्याला गेल्यापासून त्यावर मीच मंडळाचे हिशेब लिहीत असे, पण दिवाळीनंतर तो उघडला नव्हता. वर आच्छादन घालून ठेवला होता. मी धावत जाऊन बटण दाबणार, इतक्यात शेजारच्या वहिनींची मुलगी, जी कॉम्प्युटरच्या कॉलेजात शिकते, ती ओरडली, "काकू, हात लावू नका! आधी वाय-फायची पेटी बंद करा!"

मला वाटले पोरीला वेड लागले. मेल पाहावयाचे आणि इंटरनेट बंद करावयाचे? पण तिने सांगितले ते मी तुम्हांला सांगते, कारण माझ्या बोलण्याचे सारे मर्म त्यांत आहे.

आपली पत्रे फोनमध्येही नसतात आणि कॉम्प्युटरमध्येही नसतात. ती असतात कंपनीच्या दूरच्या कॉम्प्युटरवर, ज्याला सर्व्हर म्हणतात. एक कपाट आणि त्याला दोन दारे, असे समजा. ह्या दारातून वस्तू काढली की त्या दारातूनही ती दिसत नाही. ह्या पद्धतीला आयमॅप म्हणतात. मात्र कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम, आमच्याकडे थंडरबर्ड आहे, तो कपाटातल्या पत्रांची एक नक्कल आपल्यापाशी उतरवून ठेवतो. आणि उघडल्याबरोबर पहिले काम करतो ते सर्व्हरकडे जाऊन विचारण्याचे, की नवे काय आले? तसे करावे अशी खूणच त्याला करून ठेवलेली असते. आपल्याला वाटते तो नवी पत्रे आणावयास गेला. पण तो काय आले ते विचारतो तसे काय गेले तेही विचारतो, आणि जे गेले ते आपल्या नकलेतूनही काढून टाकतो. दिवाळीपासून तो झोपलेला होता, म्हणून अक्काची पत्रे त्याच्याजवळ होती. जागा होऊन त्याने एकदा चौकशी केली असती, की संपले.

वाय-फाय बंद केले. प्रोग्राम उघडला. भगिनींनो, दिवाळीला थांबलेल्या घड्याळासारखी सगळी पत्रे जेथल्या तेथे होती. मला पडद्यावरचे दिसेना झाले, डोळे पुसून पुन्हा बसले. मुलीने 'लोकल फोल्डर्स' म्हणून जी जागा असते, म्हणजे सर्व्हरशी संबंध नसलेली, केवळ त्या कॉम्प्युटरची, तेथे 'अक्का' नावाचे नवे फोल्डर केले आणि एकूण ६३ पत्रांची त्यात प्रत काढली. पेन ड्राइव्हवर आणखी एक घेतली. चार पत्रांची मात्र नुसती मथळ्याची ओळ उतरलेली होती, आत मजकूर नव्हता. त्यांतल्या एकाचा मथळा 'आईच्या मेतकुटाचे प्रमाण' असा आहे. ते प्रमाण आता आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही.

मग वाय-फाय चालू केले. आमच्या डोळ्यांदेखत, क्षणभरात, इनबॉक्समधून अक्काचे नाव नाहीसे झाले. वेगळ्या फोल्डरातली तेवढी राहिली. मुलगी म्हणाली, "पाहिलंत ना, काकू?" मी काय बोलणार!

आता मंडळाच्या मेलविषयी. ते खाते खजिनदारबाई आणि मी, दोघी पाहतो. त्या वाचलेले पत्र लगेच पुसत, आणि पापडांची मागणी मला कळतच नसे. त्यावरून एकदा आमचे चांगलेच वाजले होते, ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. थंडरबर्डच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये पत्र पुसल्यावर काय करावे ह्याचे तीन पर्याय असतात: केराच्या पेटीत टाकावे, पुसल्याची नुसती खूण करावी, किंवा ताबडतोब काढून टाकावे. मंडळाच्या कॉम्प्युटरवर आम्ही दुसरा ठेवला आहे. पत्रावर काट मारलेली दिसते, पण फोल्डर साफ करीपर्यंत ते जागेवर राहते. तिसऱ्याच्या वाटेला कोणी जाऊ नये. तेथेच 'बंद करताना केराची पेटी रिकामी करावी' अशीही एक खूण असते, ती काढलेली बरी.

नवे टपाल किती वेळाने पाहावे हेही तेथेच ठरवता येते. मंडळाचे दर १० मिनिटांनी पाहतो, कारण मागण्या येतात. माझे स्वतःचे मी तासाने ठेवले आहे. फोडणीत मोहरी तडतडत असताना दर घटकेला टिंग टिंग कशाला हवी? आमच्या घरची मंडळी ह्यावर हसतात, हसोत बापडी.

पॉप म्हणून आणखी एक पद्धत आहे. तीत पत्र घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले जाते आणि सर्व्हरवर ठेवावयाचे की नाही ते आपण सांगावयाचे. न ठेवल्यास कॉम्प्युटर बिघडला की पत्रही गेले. ज्यांच्याकडे जुनी व्यवस्था असेल त्यांनी मुलांकडून पाहून घ्यावे. आणि जीमेलवाल्यांनो, नुसते नजरेआड करावयाचे असेल तर 'आर्काइव्ह' करावे. पत्र इनबॉक्समधून जाते, पण 'ऑल मेल'मध्ये सापडते.

भाच्याला मी ती पत्रे छापून, दोऱ्याने शिवून इंदूरला धाडली. आज पेन ड्राइव्ह आणि शेजारची मुलगी, दोन्ही बरोबर आणली आहेत. ज्यांना कोणाची पत्रे बाजूला काढून ठेवावयाची असतील त्यांनी चहा झाल्यावर कोपऱ्यातल्या टेबलापाशी यावे. हळदीकुंकू होईपर्यंत आम्ही दोघी तेथे बसलेल्या असू.